व्हाळावरची सासू

यंत्राने कोंडशीचं नाव घेतलं, तर वासुदेव मयेकरांच्या, म्हणजे नानांच्या, पदरात काय काय पडणार होतं ते आधी पाहू. अकरा वर्षं दर रविवारी कमरेत वाकून ते जे बोलत आले, ते खरं ठरणार होतं. नारळी पुनवेला समुद्रात पहिला नारळ सोडायचा मान एक वर्ष रेवण्याचा, एक वर्ष कोंडशीचा असा फिरायचा. तो आता पाच वर्षं रेवण्याच्या उंबऱ्याबाहेर जाणार नव्हता. आणि सगळ्यावरची साय म्हणजे, जनार्दन गवसांचं तोंड भर सभेत उतरलेलं पाहायला मिळणार होतं. जनार्दन गवस म्हणजे कोंडशीचे माजी सरपंच, आणि नानांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे, शेवंती अक्काचे, यजमान. भावोजींचं तोंड उतरलेलं पाहण्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ सुख मेव्हण्याला दुसरं नसतं.

गमावण्यासारखं होतं ते एकच, बहीण. पण ते नानांनी धरलंच नव्हतं. ती तीन वर्षांपूर्वीच हातची गेली, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

कोंडशी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, रेवणे खाली किनाऱ्यावर. दोन्हींना बांधून ठेवणारा एक व्हाळ, म्हणजे ओढा, वरून उड्या मारत येतो आणि रेवण्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, समुद्राला मिळतो. येताना जे काही आणतो ते पुळणीवर टाकतो: बाटल्या, पिशव्या, एका पायाच्या चपला, औषधांची पाकिटं. लाँच चालवण्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी ‘रविवार मंडळी’ काढली. पंधरा-वीस माणसं, पोती, चिमटे, आणि शेवटी मालनकाकींच्या हातची घावनचटणी. घावन नसतं तर मंडळी किती टिकली असती, हा प्रश्न कोणी विचारत नसे. मालनकाकी म्हणजे नानांची बायको. तिने तर नक्कीच विचारला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या संयुक्त ग्रामसभेत नाना उभे राहून म्हणाले होते, “कोंडशीवाल्यांचो कचऱ्याचो डबो म्हणजे आमची पुळण!”

जनार्दनराव म्हणाले, “तुमच्या होटेलवाल्यांची घाण भरतीबरोबर वर चढता, ती आधी बघा.”

“भावोजी, पाणी वरसून खाली येता. शाळेत शिकवलां नाय?”

“शिकवलां तर. अक्कल पण तशीच वरसून खाली येता. तुझ्यापर्यंत पोचाक वेळ लागता, वासू.”

सभा हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी जे उत्तर दिलं, त्यात गवसांच्या सात पिढ्या आल्या. त्यानंतर शेवंती अक्का माहेरी आली नाही. निरोप मात्र आला: “ज्या घरात मी जेवतंय, तेका उकिरडो म्हणणाऱ्याकडे माजा काय काम?” तीन राखीपौर्णिमा नानांचं मनगट मोकळं राहिलं. “बरां आसा,” ते म्हणत. “कचरो उचलूक हात मोकळो होयोच.” आई अंथरुणाला खिळलेली असताना ज्या बहिणीने आपल्याला कडेवर वाढवलं, तिच्याबद्दल माणूस इतकं सहज बोलतो, तेव्हा ते सहज नसतं हे ओळखावं.

२०४१च्या ज्येष्ठात डॉ. तहसीन मुकादम आली. रत्नागिरीची मुलगी, सूक्ष्मजीवांवर काम करणारी. तिच्याकडे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. पंचायतीच्या कट्ट्यावर बसून तिने ते समजावलं.

“नाना, प्रत्येक घरात माणसांखेरीज अब्जावधी बिनभाड्याचे भाडेकरू असतात. जिवाणू, बुरशा, यीस्ट. विहिरीचं पाणी, गोठा, मसाला, माणसांची कातडी, यांवरून त्यांचं मिश्रण ठरतं. दोन शेजारघरांचंही मिश्रण एकसारखं नसतं. तुम्ही एखादी बाटली घरात हाताळता तेव्हा त्यातले थोडे तिला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत पापुद्रा विणतात. बाटली ओढ्यात गेली की त्यावर ओढ्याचा थर बसतो, मग खाडीचा, मग समुद्राचा. कांद्यासारखं. आम्ही एका द्रावणाने एकेक थर सोडवत अगदी तळाच्या पापुद्र्यापर्यंत जातो. त्यातल्या जनुकांचा धागा रेणूएवढ्या भोकातून ओढला की विजेचा प्रवाह किंचित थरथरतो. त्या थरथरीवरून अक्षरं वाचायची. मग घराघरातून घेतलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. बाटली कोणत्या घरातून निघाली ते कळतं.”

मालनकाकी कोकमाचा पेला पुढे करत म्हणाली, “म्हणजे सासूच म्हण की गो. कोणाच्या घरात काय इलां, कोणी खय टाकलां, सगळां हिका म्हायती.”

नाव तिथेच पडलं. यंत्राचं खरं नाव फार लांबलचक होतं, ते तहसीनलाही एका दमात म्हणता येत नसे.

दोन्ही गावांनी परवानगी दिली, आणि तीही चटकन. दुसऱ्याचं पाप उघडं पडणार याची दोघांनाही खात्री असली, की एकमत किती लवकर होतं पाहा. घराघरातल्या पाण्याच्या कळशीच्या झाकणावरून कापूस फिरवून नमुने घेतले गेले. ज्या गावाचा कचरा जास्त, त्याने पाच वर्षं नारळाचा मान सोडायचा, असं ठरलं. जनार्दनरावांनी अट घातली की यंत्र थेट पंचायतीच्या पडद्याला जोडायचं. मध्ये कोणाचा हात नको. नाना म्हणाले, “लावा. चोराक कॅमेऱ्याची भीती, आमका कसली?”

आषाढातल्या एका उघडिपीच्या रविवारी मंडळींनी पुळणीवरून तीनशे वस्तू वेचल्या. पहिल्या बारा तहसीनने स्वतः हातमोजे घालून उचलल्या आणि बर्फाच्या पेटीत ठेवल्या. “या साक्षीच्या,” ती म्हणाली. बाकीच्या पोत्यांत भरल्या. तहसीनने बजावलं होतं, पोती उघडायची नाहीत. ती नानांच्या मागल्या पडवीत ठेवली, आणि नाना खुर्च्या मांडायला पंचायतीत गेले.

सोमवारी कोंडशीची बस आली. दोन्ही गावं पंचायतीत मावेनात, पोरं खिडक्यांत बसली. शेवंती अक्का आली नव्हती. तिची सून पूर्वा आली होती. ती आरोग्यसेविका, आणि कोंडशी तंबाखूमुक्त केल्याचा जिल्ह्याचा मान तिच्या नावावर होता. कोंडशीच्या वेशीवरच्या त्या मोठ्या फलकावर साक्षात तिच्या सासूचं हसरं चित्र होतं: ‘मी मशेरी सोडली, तुम्ही?’ गावात शिरणारा प्रत्येकजण आधी अक्काच्या हसण्याखालून जायचा.

यंत्र गुरगुरलं. पोत्यांतून एकेक वस्तू तहसीनची सहायक पुढे करत होती. तासाभराने पडदा उजळला.

रेवणे: दोनशे एक्क्याऐंशी.

कोंडशीवालेसुद्धा टाळ्या वाजवायचं विसरले. तहसीन कपाळाला आठ्या घालून यंत्राकडे पाहत होती; ती काही म्हणणार, तेवढ्यात नाना उठले. इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण अकरा वर्षं बोलायची सवय एका दिवसात जात नाही.

“घरां दाखवा!” ते ओरडले. “एकेक घर दाखवा! आमच्यात कोण असो नालायक आसा, ता गावाक कळांदे!”

पडद्यावर घरं आली. सगळ्यांत वर, मोठ्या फरकाने: मयेकर, वासुदेव.

जनार्दनरावांचा आवाज आला. त्यात कुचेष्टा नव्हती, खरं कुतूहल होतं. “अरे वासू, तू रविवारी कचरो उचलतस काय पेरतस?”

मग जे हसू फुटलं, ते म्हणे खालच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं. घरी जाईपर्यंत गावात सिद्धांतही तयार झाला होता: मंडळीला काम कमी पडू नये, म्हणून नानाच आदल्या दिवशी टाकून येतात.

संध्याकाळी नाना ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मालनकाकी तीनदा आत-बाहेर करून शेवटी उंबऱ्यावर टेकली.

“अवो, एक सांगू? पण ओरडूचां नाय.”

“ओरडूक आता काय रवलां आसा?”

“ती पोती. काल दुपारी आमी पाच जणींनी ती उघडली. कसो वास मारत होतो! बाटल्यांत शेवाळ, चपलांत चिखल. पावणे येतले, वन्संच्या घरची माणसां येतली. आमी विहिरीकडच्या दगडी डोणीवर बसान राखेन आणि काथ्यान सगळां घासून काढलां. फडक्यान पुसून परत भरलां.”

नाना सावकाश वळले. “तुमी कचरो धुतल्यात?”

“मग? घाणेरडो कचरो पावण्यांक कसो दाखवतलंव?”

बायकोच्या बोलण्यात चूक नेमकी कुठे आहे ते त्यांना दिसत होतं. पण सांगायला गेलं तर पन्नास वर्षांचा पाहुणचार खोडावा लागणार होता. व्हाळाचे, खाडीचे, कोंडशीचे सगळे थर राखेने निघून डोणीखालच्या गटारात गेले होते. ओलसर प्लास्टिकवर आता मयेकरांच्या विहिरीचं पाणी होतं, मयेकरांचं फडकं होतं, आणि बंद पोत्यात रात्रभर उबलेले मयेकरांचे भाडेकरू होते. यंत्र खोटं बोललं नव्हतं. शेवटचा थर ज्या घरात चिकटला, त्याचं नाव त्याने सांगितलं होतं.

एका झटक्यात नाना ताठ झाले. म्हणजे आपण हरलोच नाही! सकाळी पंचायत गाठायची, निकाल रद्द करून घ्यायचा. त्या रात्री ते शांत झोपले.

सकाळी पायात वहाणा सरकवताना फाटकाशी आवाज आला.

“वासू, मेल्या, बघतस काय? फणस धर आधी. हात तुटले माजे.”

शेवंती अक्का. डोक्यावर छत्री, काखेत मोसमातला शेवटचा कापा फणस, अंगावर अर्ध्या वाटेचा पाऊस. नानांनी फणस घेतला. म्हणाले, “जड आसा.”

“तुज्यापेक्षा हलको. तुका मी या पुळणीवर दोन-दोन तास कडेवर घेवन फिरवलंय.” ती ओटीवर बसली, मालनकाकीच्या हातचं पाणी प्याली आणि भावाकडे नीट पाहिलं. “वाळलंस.”

“तू नाय म्हणाली होतंस ना? येवचंय नाय म्हणान?”

“तेवा तू भांडत होतंस. आता हरलंस.” तिने पदराने तोंड पुसलं. “जिकलेल्याकडे सगळो गाव जाता रे. हरलेल्याकडे बहिणीकच जावक लागता.”

नाना पंचायतीत गेले नाहीत. फणस कापायला कोणीतरी हवं होतं.

पुढच्या रविवारी आणखी एक नवल घडलं. कोंडशीची बस पुन्हा आली, आणि तिच्यातून जनार्दनराव गमबूट घालून उतरले. मागे पंधरा माणसं. “म्हटलां, एवढो कचरो तुमका एकट्यांक झेपाचो नाय,” ते उदारपणे म्हणाले. विजयी माणसाइतका राबणारा गडी मिळत नाही. तो मजुरी मागत नाही, फक्त कोणीतरी पाहावं एवढंच मागतो. दुपारपर्यंत ते गुडघाभर व्हाळात उभे राहून रेवण्याच्या माणसांना उचलायची योग्य पद्धत शिकवत होते. नानांनी दोनदा दात आवळले. मग मालनकाकीने भावोजींच्या पानात चार घावन वाढले, आणि अक्का पहिल्यासारखी चुलीशी बसून हसली. नानांनी दात सैल सोडले.

सासूच्या धाकाने दोन्ही गावं बदलत होती. रेवण्यातल्या हॉटेलांनी लाजेने काचेच्या बाटल्या आणल्या. कोंडशीने तर नाव राखायला आपल्या हद्दीत व्हाळाला जाळी बसवली. ‘स्वच्छ गाव’ म्हणून मिरवायचं, आणि उद्या परत यंत्र आलं तर? एक गृहस्थ वेफर्स हातमोजे घालून खाताना पकडले गेले. एका सोयरिकीत मुलीच्या आईने पत्रिकेआधी विचारलं, तुमचं घर सासूच्या यादीत कितवं? पुळणीवर रविवारी पोती अर्धीसुद्धा भरेनात. मंडळी वाढली आणि कचरा घटला. घावन मात्र पुरेनात.

आणि मग तहसीन आली. ओटीवर बसली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “नाना, तो निकाल बाद आहे. समुद्राचे थरच नव्हते एकाही वस्तूवर. मी अहवालात तसं लिहिलंय, पंचायतीच्या पडद्यावर लावलाय.”

लावला होता खरा, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. महिनाभर तो तिथे झळकत होता. कोंडशीला वाचायची गरज नव्हती, रेवण्याला हिंमत नव्हती.

“त्या बारा साक्षीच्या वस्तू मी तपासल्या,” ती म्हणाली. “बारांवरून गावाचा निवाडा होत नाही. पण तुम्ही मागणी केलीत, तर दोन्ही गावांपुढे नव्याने तीनशे तपासू. न धुतलेल्या.” मालनकाकी आत भांडी वाजवू लागली. “बघायच्यात?”

नानांनी पाहिल्या. तिच्या हातातल्या पडद्यावर एकेक चित्र, खाली गाव आणि घर. कोंडशी. कोंडशी. रेवणे. कोंडशी. बारांतल्या आठ कोंडशीच्या. अकरा वर्षांचा सगळा ओणवेपणा त्यांच्या पाठीतून एकदम उतरला. आपण खरे होतो! ते उठून उभेच राहिले.

“आणि ही बघा गंमत,” तहसीन म्हणाली. “मशेरीची प्लास्टिकची नळी. घर कोणतं, तर गवस. जनार्दन गवस. तंबाखूमुक्त गावात!”

नाना पुन्हा बसले.

नळी कोणाची ते त्यांनी ओळखलं. लहानपणी मशेरीची डबी अक्का परसात केळीखाली लपवायची आणि ते राखण करायचे. जनार्दनरावांना तंबाखूच्या वासानेच शिंका येत. पूर्वा फलकवाली. त्या घरातून व्हाळात गुपचूप नळी भिरकावणारा हात एकच. नव्याने तीनशे तपासल्या तर अशा किती निघतील? आणि घराघराचं नाव भर सभेत दाखवायचा पायंडा कोणी पाडला होता? ओरडून ओरडून?

“नाना?” तहसीनने विचारलं. “मागणी करायची?”

समोर वेशीवरचा तो फलक उभा राहिला. त्याखालून दोन्ही गावं जातायत, आणि वर बघून हसतायत.

“सासू म्हातारी झाली आता,” नाना शेवटी म्हणाले. “तिका जरा विश्रांती दे.”

“तुमच्या मानाचं काय?”

“नारळ समुद्राक जाता. कोणाच्या हातातसून जाता, ता समुद्र इचारीत नाय.” हे वाक्य त्यांना अकरा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर विज्ञानाचा बराच खर्च वाचला असता. मग त्यांनी हळूच विचारलं, “पण एक खरां सांग. आठ कोंडशीच्या, नाय?”

“आठ.”

“बस.” ते दिवसभर त्या आठांवर खूश होते. सोलकढीत मीठ पडलं नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही.

नारळी पुनवेला अक्का पहाटेच आली. पाटावर बसवून भावाला ओवाळलं, राखी बांधली, गाठ तीनदा मारली. ओवाळणी म्हणून नानांनी तिच्या तबकात एक पितळेची डबी ठेवली. तळहातात मावेल एवढी, घट्ट फिरकीच्या झाकणाची.

अक्काने ती उचलून उघडली. रिकामी होती. तिने भावाकडे पाहिलं. नानांनी आढ्याकडे.

“ही पाण्यात टाकूची नसता,” आढ्याला उद्देशून नाना म्हणाले. “भरून भरून वापरूची.”

मग अक्काने डबी कनवटीला लावली.

“त्या दिवशी आमचे परतले,” ती म्हणाली, “तेव्हा सांगत होते, वासूचो कचरोसुद्धा कसो लख्ख, आरशासारखो. मी मालनबरोबर बारा चतुर्थ्या त्या डोणीवर भांडी घासलीय. राखेन घासलेलां माका आयकान पण कळता.”

“म्हणजे तुका म्हायत होतां? मगे भावोजींक सांगलंस नाय?”

“इतक्या वर्षांत पयल्यांदाच खूश होते,” अक्का म्हणाली. “म्हटलां, असांदे.”

पुळणीवर दोन्ही गावं जमली. जनार्दनरावांनी सोनेरी कागद लावलेला नारळ हातात घेतला, आणि तहसीनकडे पाहून तो कागद काढून खिशात घातला. मग गाऱ्हाणं घातलं: “बा समुद्रा म्हाराजा, वरच्या गावाचां, खालच्या गावाचां जा काय चुकलां आसात, ता पोटात घाल आणि लेकराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!” सगळ्यांत मोठ्याने “व्हय म्हाराजा!” नाना ओरडले. चुकलेल्यांच्या यादीत कोण कोण होतं, ते त्या पुळणीवर त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं?

आता शेवटी कोणी काय भरलं ते पाहू. नानांनी पाच वर्षांचा मान भरला, आणि आपलं खरं असणं भरलं. हे दुसरं जास्त महाग होतं. जनार्दनरावांनी कंबर भरली. दर रविवारी व्हाळात उपकार म्हणून उभे राहतात, सोमवारी तेल लावून पडतात. कोंडशीने जाळी भरली. मालनकाकी अजून घावन भरते आहे, दुप्पट माणसांचे. तहसीनचा एक चांगला प्रबंध बुडाला. त्या जागी तिने ‘पाहुणचाराचा नमुन्यांवर होणारा परिणाम’ अशी एक तळटीप लिहिली. समुद्राने काहीच ठेवून घेतलं नाही. मानाचा नारळ रविवारी परत पुळणीवर लागला, आणि मंडळींत पहिला दिसला तो नानांनाच. त्याचं खोबरं दोन्ही गावांच्या चटणीत गेलं. राहता राहिली शेवंती अक्का. तिला माहेर मिळालं, डबी मिळाली, फलकावरचं हसू शाबूत राहिलं. तिचं देणं पुढच्या महिन्यात एका दाढेने चुकवलं. आणि ती काढवून आणताना पूर्वा वाटभर म्हणत होती, इतकी वर्षं मशेरी सोडलेल्या बाईची दाढ अशी किडते कशी, ते विज्ञानाला अजून कळलेलं नाही.